क्यूवरचे पॉइंट लहान-मोठे का येतात, आणि स्प्लायसिंग नेमकं चालतं कसं

लातूरहून एका भावानं विचारलंय, आधी त्याचा प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घरचं छोटं वर्कशॉप आहे, जुनी लेथ आहे, पूल क्यू (पूल खेळायची काठी) बनवायलाय. मेपलच्या पुढच्या भागात शिसवाचे चार पॉइंट, म्हणजे टोकदार दिसणाऱ्या पट्ट्या, बसवले, श्रावणात चिकटवले. आता तीन तक्रारी आहेत. एक, समोरासमोरच्या एका जोडीतले दोन्ही पॉइंट सारखे आलेत पण दुसऱ्या जोडीत एक पॉइंट समोरच्यापेक्षा दीड सेंटिमीटर लांब आहे. दोन, टोकाला सुईसारखं निघायच्या ऐवजी काळपट ठिपका दिसतो. तीन, मे महिन्यात एका बाजूला नखाला लागेल एवढी फट पडली. अजून मिलिमीटरभर लाकूड उतरवायचं बाकी आहे. आणि शेवटी विचारलंय की हे सगळं सीएनसीशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनशिवाय, होतच नाही का.

भाऊ, होतं. सीएनसी यायच्या कितीतरी आधीपासून लोक हे करत आलेत. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, एकच इलाज तिन्हीला लागू पडणार नाही, म्हणून जरा मुळापासून सांगतो. बरंचसं तुमच्या लेथवर, लाकडावर आणि तुम्ही कोणत्या महिन्यात काम करता यावर अवलंबून आहे, तिथं तिथं तसं सांगत जाईन.

पहिली गोष्ट, स्प्लायसिंग, म्हणजे दोन लाकडं एकमेकांत घुसवून जोडणं, हे सजावट म्हणून सुरू झालेलं नाही. क्यूचा पुढचा भाग हलका, सरळ तंतूंचा आणि लवचिक पाहिजे, म्हणून मेपल किंवा अ‍ॅश. मागचा भाग जड पाहिजे, हातात वजन लागलं पाहिजे, म्हणून आबनूस, शिसव असलं लाकूड. मेपलचं वजन घनमीटरला साधारण ७०० किलो, आबनूस हजाराच्या पुढं. आता ही दोन लाकडं जोडायची कशी? दोन्हीची सपाट टोकं समोरासमोर ठेवून चिकटवली तर तो जोड टिकत नाही, कारण लाकडाच्या टोकाला नळ्या उघड्या असतात, गोंद आत शोषला जातो आणि पकड येत नाही. गोंदाची खरी पकड तंतूंच्या कडेला येते. म्हणून जोड लांब आणि तिरका करायचा, दोन्ही लाकडं एकमेकांत निमुळती घुसवायची, म्हणजे चिकटायला कडेची जागा भरपूर मिळते. त्या निमुळत्या जोडावरून लाकूड गोल कातलं की वर जे टोकदार नक्षीकाम दिसतं तेच पॉइंट. नक्षी कुणी काढलेली नसते, ती जोडाची भूमिती असते. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आपल्याकडं पूलपेक्षा स्नूकर जास्त, खेळच १८७५ ला जबलपूरला सुरू झालेला, त्यामुळं क्लबमधी तुम्ही ज्या क्यू बघता त्यातल्या बऱ्याचशा स्नूकरच्या. त्यांचे पॉइंट नीट बघा. हाताने स्प्लाइस केलेल्या स्नूकर क्यूला वरचं टोक गोलसर, कमानीसारखं असतं. पूल क्यूला मात्र भाल्यासारखं टोकदार. हा फरक फॅशनचा नाही. स्नूकरवाला अ‍ॅशच्या दांड्याचं मागचं टोक चारी बाजूंनी रंध्यानं सपाट निमुळतं करतो आणि प्रत्येक सपाट बाजूवर आबनुसाची पट्टी चिकटवतो. सपाट पृष्ठभाग आणि निमुळता गोल दांडा एकमेकांना छेदले की कमान तयार होते. पूल क्यूवाला मेपलमधी ९० अंशांची व्ही आकाराची खाच काढतो आणि त्यात चौकोनी पट्टी कोपरा खाली करून बसवतो, म्हणून छेद टोकदार येतो. मशीननं स्प्लाइस केलेल्या स्नूकर क्यूलाही टोकदारच पॉइंट दिसतात, तेही दात्यांच्या आकारामुळंच.

पूल क्यूमधीही दोन प्रकार. फुल स्प्लाइस म्हणजे मागचं आणि पुढचं, दोन्ही लाकडांना लांब निमुळते दाते काढून एकमेकांत घट्ट बसवायचे, मधी स्क्रू नाही काही नाही, सगळा जोड गोंदाचा. अमेरिकेतल्या ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यू असल्याच होत्या, आणि नंतर कारागिरांनी त्याच कापून त्यातून दोन तुकड्यांच्या क्यू बनवल्या. हाफ स्प्लाइस म्हणजे पॉइंट फक्त पुढच्या भागात, ज्याला फोरआर्म म्हणतात, आणि मग तो फोरआर्म हँडलला कुसू आणि स्क्रूनं जोडायचा. तुम्ही केलंय ते हाफ स्प्लाइस. साध्या लेथवर तेच करावं असं माझं मत आहे, फुल स्प्लाइसला जिग, म्हणजे लाकूड ठरावीक जागी धरणारा साचा, फार नेमका लागतो आणि दोन्ही लाकडं एकदम वाया जायची भीती असते.

आता तुमच्या पहिल्या तक्रारीकडं येतो, कारण सगळं गणित तिथं आहे.

समजा फोरआर्म ३०० मिमी लांब आहे. हँडलच्या बाजूला व्यास २६ मिमी म्हणजे त्रिज्या १३. जॉइंटच्या बाजूला, म्हणजे जिथं पुढचा दांडा जोडला जातो तिथं, त्रिज्या पावणेअकराच्या आसपास. खाचेचा तळ हँडलच्या बाजूला मध्यापासून ६ मिमीवर आहे, म्हणजे तयार पृष्ठभागापासून खोली ७ मिमी. तिथून खाच वर वर येत जाते आणि समजा २५० मिमीवर तिचा तळ बरोबर पृष्ठभागाला येऊन भिडतो. जिथं भिडतो तिथं पॉइंटचं टोक. आता बघा, ७ मिमी खोली २५० मिमी लांबीत संपली, म्हणजे १ मिमी खोलीमागं पॉइंटची लांबी ३५ मिमी. म्हणजेच खोलीत फक्त शंभर मायक्रॉन, मिलिमीटरचा दहावा हिस्सा इकडं तिकडं झाला तर पॉइंट साडेतीन मिलिमीटरनं लहान किंवा मोठा. आणि लाकूड सेंटरवरून शंभर मायक्रॉन सरकलं तर एका बाजूचा पॉइंट साडेतीन मिमी वाढतो आणि समोरचा साडेतीन मिमी घटतो, म्हणजे दोघांत ७ मिमीचा फरक. तुमचा फरक १५ मिमी. म्हणजे तुमचं लाकूड जॉइंटच्या बाजूला जेमतेम दोनशे मायक्रॉन सरकलंय. दोन पोस्टकार्ड एकावर एक ठेवली तरी त्यापेक्षा जास्त जाडी होईल.

आणि हे सरकलेलंच आहे, खाच चुकलेली नाही, हे मी एवढं ठामपणे का म्हणतो? कारण तुमची एक जोडी सारखी आहे आणि दुसऱ्या जोडीत एक लांब, एक आखूड. हे सेंटर सरकल्याचं ठरलेलं लक्षण. तीन पॉइंट सारखे आणि एकच वेगळा असता तर त्या एका खाचेची खोली चुकली असं म्हणालो असतो. पहिला-तिसरा लांब आणि दुसरा-चौथा आखूड असता तर मधी टूलचं झिरो परत लावलं गेलं किंवा लाकूडच अंडाकृती होतं असं समजायचं. चारही पॉइंट एकाच बाजूला वळल्यासारखे दिसले तर खाच काढताना लाकूड जिगमधी फिरलं किंवा टेलस्टॉक (लेथचा मागचा आधार) लायनीत नाही. त्यामुळं पॉइंट खराब आले की लगेच लाकूड फेकून देऊ नका, आधी चारही मोजा, ते स्वतःच सांगतात काय झालंय ते.

दोनशे मायक्रॉन सरकलं कशानं, हे तुमच्या पद्धतीवर आहे. तुम्ही लिहिलंय की खाचा सेंटरवर काढल्या आणि नंतर कातताना तीन जबड्यांच्या चकमधी धरलं. माझा संशय तिथंच आहे. जुन्या लेथच्या तीन जबड्यांच्या चकमधी शंभर-दोनशे मायक्रॉनचा रनआउट, म्हणजे फिरताना मध्यापासून हलणं, अगदी सर्रास असतो, लोखंडाच्या कामाला तो एकाच पकडीत काम उरकलं की लपून जातो पण इथं लाकूड पुन्हा पुन्हा काढघाल करायचं असतं. म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन सेंटरच्या, म्हणजे लेथच्या दोन टोकदार आधारांच्या, मधीच काम करायचं, आणि पहिल्यांदा पाडलेली सेंटरची भोकं शेवटपर्यंत जपायची. टोकाला जास्तीचं लाकूड आहे म्हणून मधीच कापून टाकायचं नाही, ते भोक म्हणजेच तुमचा झिरो. खाच काढायच्या जिगमधीही त्याच भोकांवर धरायचं.

तुमचा फोरआर्म अजून वाचू शकतो. मिलिमीटरभर लाकूड बाकी आहे ना, मग तेवढ्यात सेंटर दुरुस्त करता येतं, आणि अनुभवी लोक हे नेहमीच करतात. ज्या बाजूचा पॉइंट लांब आहे त्या बाजूला जास्तीचं लाकूड राहिलंय, ते उतरायला पाहिजे. म्हणून जॉइंटकडचं सेंटरचं भोक लांब पॉइंटपासून दूर, आखूड पॉइंटच्या दिशेनं सरकवायचं. जुनं भोक लाकडाच्या खुंटीनं गोंद लावून बुजवा, पूर्ण वाळू द्या, मग नवीन भोक पाडा. एकदम दोनशे मायक्रॉन मोजून भोक पाडायला जाऊ नका, लाकडात ड्रिल तंतूंबरोबर पळतं. भोक पाडा, डायल गेज लावा, हलका कट घ्या, परत चारही पॉइंट मोजा. एक लक्षात ठेवा, टोकांची लांबी मुख्यतः जॉइंटकडच्या सेंटरवर ठरते कारण टोकं त्या बाजूला आहेत, आणि पॉइंटची बुडाशी रुंदी हँडलकडच्या सेंटरवर. रुंदी चारही सारखी आली असेल तर मागच्या सेंटरला हात लावू नका.

दुसरी तक्रार, टोकावरचा काळपट ठिपका. ही मला सगळ्यात आवडीची, कारण यात कारागिरी लपत नाही.

खाचेचा तळ एक रेघ असते. हँडलच्या बाजूला ती रेघ लाकडाच्या आत खोलवर असते, तिथं काय झालंय ते कुणालाच दिसत नाही. पण तीच रेघ वर चढत चढत टोकाला पृष्ठभागावर येते. म्हणजे पॉइंटचं टोक हे खाचेच्या तळाचं उघडं पडलेलं तोंड. आता कटरचं टोक झिजून किंचित गोल झालं असेल तर खाचेचा तळही गोल, आणि तुमच्या पट्टीचा कोपरा धारदार असेल तर कोपरा आधी टेकतो आणि दोन्ही कडा अधांतरी राहतात. उलट पट्टीचा कोपरा पॉलिश पेपरनं घासून मऊ केला असेल तर तळाशी बारीक बोगदा राहतो, त्यात गोंद साठतो आणि तो गोंद टोकाला ठिपका म्हणून दिसतो. तुमचा ठिपका काळपट आहे, कडा बऱ्यापैकी बसल्यात, म्हणजे दुसरा प्रकार. शिसवाच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या का? घासल्याच असतील, सगळे घासतात. पट्टीच्या ज्या दोन बाजू खाचेत जाणार त्यांना पेपर लावायचाच नाही. रंध्यानं किंवा बारीक दात्याच्या करवतीनं शेवटचा हात घ्यायचा, गुण्या लावून उजेडाकडं धरायचं, फटीतून उजेड दिसला नाही की झालं. कोपऱ्यावर बोट फिरवल्यावर बोचलं पाहिजे.

कटरच्या बाबतीत, बाजारात मिळणारे ९० अंशांचे राउटर बिट सगळेच खरोखर ९० चे नसतात. एखाद्या भंगार तुकड्यावर खाच काढा आणि त्यात मशीन शॉपमधला नेमका चौकोनी लोखंडी बार ठेवून बघा. खाच ८८ अंशांची असेल तर बार वरच्या कडांवर अडतो, ९२ ची असेल तर तळाशी टेकून हलतो. बरोबर बिट नसेल तर आपल्याकडं औरंगाबादला, म्हणजे संभाजीनगरला, वाळूज-चिकलठाणा भागात टूल ग्राइंडिंग करणारे पुष्कळ आहेत, कार्बाइडचा बिट घेऊन गेलात आणि कोपरा धारदार ठेवायचा असं बजावून सांगितलंत तर घासून देतात. कारखान्याचं काम करणाऱ्याला कोपरा थोडा गोल ठेवायची सवय असते, त्यानं धार टिकते, म्हणून बजावून सांगायचं.

खाच एका दमात पूर्ण खोल काढू नका. थोडी थोडी खोली वाढवत जा आणि शेवटचा कट शंभर मायक्रॉनच्या आसपास ठेवा. शेवटच्या खोलीला आधी चारही खाचा फिरून घ्या, टूलला हात न लावता. इंडेक्स प्लेटवर (लाकूड ठरावीक अंशांत फिरवायची चकती) ९० अंश बदलायचे, बाकी काहीच हलवायचं नाही. आणि लाईटचा भरवसा नसेल तर शेवटचा कट सुरू करायच्या आधी विचार करा, राउटर मधीच बंद पडला की त्या जागी बिट घासून डाग पडतो आणि परत सुरू करताना धक्का बसतो. मी स्वतः तो कट सकाळी लवकर घेतो, आमच्याकडं त्या वेळी लाईट शक्यतो जात नाही.

कोरडं बसवून बघणं याला पर्याय नाही. खाचेच्या दोन्ही बाजूंना मार्किंग ब्लू किंवा पेन्सिलची पूड हलकी चोळा, पट्टी दाबून बसवा, काढा. पट्टीवर डाग सगळीकडं सारखा उमटला पाहिजे. जिथं उमटला नाही तिथं हवा आहे, आणि हवा म्हणजे पुढं फट. लाकूड खराब होईल म्हणून लोक हे टाळतात, पण पूड थोडीच वापरायची आणि नंतर रंध्याचा एक बारीक हात मारला की निघून जाते.

आता फट. ही तिसरी तक्रार खरं तर आपल्या मराठवाड्याची तक्रार आहे, आणि बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून हे कळत नाही.

एप्रिल-मे मधी आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो आणि हवा एवढी कोरडी होते की दुपारी ओठ फुटतात. त्या हवेत उघड्यावर ठेवलेलं लाकूड ४-५ टक्के ओलाव्यापर्यंत उतरू शकतं. तेच लाकूड आषाढ-श्रावणात, झड लागलेली असताना, १५ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही पण आडवं हलतं. २६ मिमीचं मेपल ओलाव्यात ६ टक्के फरक पडला तर आडवं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास कमी-जास्त होतं. तुम्ही श्रावणात चिकटवलं. पट्ट्या फुगलेल्या होत्या, मेपलही फुगलेलं होतं, शिवाय पांढऱ्या गोंदात पाणी असतं, त्यानं अजून फुगलं. फुगलेल्या अवस्थेत सगळं घट्ट बसलं. मे आला, शिसव आपल्या चालीनं आकसलं, मेपल आपल्या चालीनं, आणि जिथं गोंदाची पकड कमी होती तिथं सुटलं. शिसव तुम्ही नवीन आणलं होतं का जुनं, हे लिहिलं नाही. नवीन असेल तर अर्धा दोष त्याच्याकडंच जातो.

माझं वेळापत्रक असं आहे. लाकूड पावसाळ्याच्या आधी मोठ्या मापाचं कापून ठेवायचं, एक पावसाळा त्याला वर्कशॉपमधीच काढू द्यायचा. चिकटवायचं काम दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत, हवा ना फार ओली ना फार सुकी. ओलावा मापकावर दोन्ही लाकडं ८ ते १० टक्क्यांच्या मधी पाहिजेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्हीचा आकडा जवळजवळ सारखा पाहिजे. मग उन्हाळा आणि पुढचा पावसाळा अधूनमधून थोडं थोडं कातत राहायचं, प्रत्येक वेळी मिलिमीटरच्या आत, आणि मधी टांगून ठेवायचं. वाकणार असेल तर ते तयार व्हायच्या आधीच वाकलं पाहिजे. गिऱ्हाइकाला घाई असते, त्याला हे पटत नाही, पण मी त्या बाबतीत ऐकत नाही. वर्षभर न थांबलेली क्यू मी देत नाही.

आणि एक फार साधी गोष्ट, कूलर. उन्हाळ्यात आपण सगळेच कूलर लावून काम करतो, आणि लाकडाचा रॅक नेमका कूलरसमोर असतो कारण तिथंच जागा असते. एका बाजूनं ओली हवा, दुसऱ्या बाजूनं पत्र्याची धग. लाकूड केळीसारखं वाकणार. रॅक कूलरपासून लांबच्या भिंतीला, जमिनीपासून वर, आणि उभा टांगून.

गोंद कोणता हेही परिस्थितीवर आहे. फिट उत्तम असेल तर चांगला पाण्याला टिकणारा पांढरा गोंद पुरतो, पण त्यातलं पाणी उडायला आठवडे जाऊ द्यायचे, दोन दिवसांत कातायला घ्यायचं नाही. शिसव, सागवान असली तेलकट लाकडं असतील तर हळू सेट होणारा इपॉक्सी मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि लावायच्या आधी पट्टी अ‍ॅसिटोननं पुसून लगेच लावायची, उशीर केला तर तेल परत वर येतं. पण इपॉक्सी भर उन्हात मिसळू नका, ४० डिग्रीला तो कपातच तापून घट्ट होतो, अर्ध्या तासाचा म्हणून लिहिलेला दहा मिनिटंसुद्धा देत नाही. पट्ट्या दाबून धरायला मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून घट्ट गुंडाळतो. शिकंजा एका जागी दाबतो, ट्यूब सगळीकडून सारखी मध्याकडं दाबते आणि खाच व्ही असल्यामुळं पट्टी आपोआप तळात जाते. आधी समोरासमोरच्या दोन पट्ट्या, त्या वाळल्या की दुसऱ्या दोन. एकाच बाजूची ओली पट्टी लाकडाला आपल्याकडं ओढते.

लाकडाचं विचारलंय की आजोबांच्या वाड्यातल्या सागवानी तुळया आहेत, त्याचे पॉइंट होतील का. सागवान जुनं असेल तर स्थिर फार छान असतं, पण पॉइंटला मी वापरणार नाही. त्याची छिद्रं मोठी, टोकाला जिथं लाकूड कागदाएवढं पातळ होतं तिथं कड तुटते आणि टोक पुसट दिसतं. वर त्यात वाळूसारखे कण असतात, ते बिटची धार खातात, आणि धार गेली की मगाशी सांगितलेला तळ गोल होतो. हँडलला मात्र जरूर वापरा, आजोबांच्या घरचं लाकूड हातात राहील. कापायच्या आधी लोहचुंबक फिरवा, जुन्या तुळईत खिळे आतच मोडलेले असतात. पॉइंटला शिसव ठीकच आहे. काळाच रंग पाहिजे असेल आणि आबनूस परवडत नसेल तर टेंभुर्णीच्या गाभ्याचं काळं लाकूड बघा, विडीची पानं ज्याची येतात तेच झाड, आबनुसाच्याच कुळातलं आहे. गाभा लहान निघतो, पण पॉइंटच्या पट्टीला लागतो किती. पिवळा रंग पाहिजे तर हळदू, बारीक पोताचं आहे आणि लेथवर लोण्यासारखं निघतं.

व्हिनियरचं तुम्ही विचारलं नाही पण पुढं विचारालच. पॉइंटभोवती ज्या रंगीत रेघा दिसतात त्या रंगवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्यांच्या असतात, खाचेत आधी ते व्ही आकारात बसवायचे आणि वरून मुख्य पट्टी. अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा कडेला बारीक रेघ दिसतो, पण टोकाला तोच जवळपास २५ मिमी लांब पसरतो, कारण व्हीच्या तळाशी तिरका बसल्यामुळं त्याची उभी जाडी ०.७ मिमी होते, आणि पुढं तेच ३५ पटीचं गणित. म्हणून चार व्हिनियर असलेल्या क्यूची टोकं अशी एकामागून एक चढत गेलेली दिसतात. यात खाच तेवढी मोठी काढावी लागते आणि प्रत्येक पापुद्र्याचा तळाचा जोड ४५ अंशांत नेमका भिडावा लागतो. साधे चार पॉइंट सारखे यायला लागेपर्यंत व्हिनियरला हात लावू नका.

सीएनसीबद्दल. सीएनसीवर खरी व्ही खाचही काढतात, त्यात वाईट काही नाही, खाच कशानं काढली याला महत्त्व नाही. पण सीएनसी पॉइंट म्हणून जे स्वस्तात मिळतात त्यातले पुष्कळसे दोन-तीन मिमी खोल कोरलेल्या जागेत बसवलेले तुकडे असतात, आणि त्याहून स्वस्त क्यूवर तर नुसतं चित्र चिकटवून वरून क्लिअर मारलेलं असतं. ओळखायचं असेल तर टोक बघा. फिरत्या कटरनं कोरलेल्या जागेचं टोक बारीकसं गोल राहतं. आणि खऱ्या खाचेत बुडाशी पॉइंट जाड असतो, त्या जागेचा आडवा छेद दिसला तर आत कोपरा मध्याच्या दिशेला गेलेला दिसेल.

एक शेवटचं, तुम्ही लिहिलंय की पॉइंट स्वतः काढता आले नाहीत तर क्यूमेकर म्हणवून घ्यायला लाज वाटेल. असं मनात आणू नका. अमेरिकेतला क्यू कारागीर जॉर्ज बालाबुश्का, १९७५ ला वारलेला, त्याच्या क्यू आज संग्राहक शोधत फिरतात, त्यानं स्प्लाइस केलेले ब्लँक, म्हणजे पुढं कातायचे तयार तुकडे, दुसऱ्यांकडून घेतले होते. आधी टायटलिस्टचे, नंतर बर्टन स्पेन आणि गस झांबोती या कारागिरांचे. त्याचं नाव झालं ते ब्लँकच्या पुढच्या कामामुळं, जॉइंट, टेपर, बॅलन्स, फिनिश. तुम्हाला पुढचं काम आधी शिकायचं असेल तर ब्लँक विकत घ्या, बिनधास्त घ्या. पण स्प्लायसिंगच शिकायचं असेल तर मेपल वाया घालवू नका, कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या वाळलेल्या तुकड्यावर चार चार खाचा काढून सराव करा, पट्टीला कुठलंही गडद लाकूड चालेल.

आता तुमच्या हातातल्या फोरआर्मचं. फट पडलेली बाजू आत्ता भरू नका. पावसाळ्यात ती मिटेल, तेव्हा भरली तर मे मधी परत उघडेल, आणि आत्ता भरली तर पावसाळ्यात फुगून गोंदाला ढकलेल. दिवाळीपर्यंत टांगून ठेवा, तेव्हाही फट दिसली तर पातळ सुपरग्लू आणि शिसवाची बारीक पूड भरा, तोपर्यंत सेंटरची खुंटी तेवढी बसवून ठेवा. मग चारही पॉइंटची लांबी, बुडाशी रुंदी आणि दोन्ही टोकांचा व्यास व्हर्नियरनं मोजून इथं टाका, पॉइंटला १ ते ४ नंबर देऊन, आणि सोबत टोकाचा जवळून काढलेला फोटो. भोक किती आणि कोणत्या बाजूला सरकवायचं ते मग आकड्यानिशी सांगतो.